कोवळे शिकारी पक्षी आणि निकॉन मोनार्क एम५ ८×४२ दुर्बीण

दुर्बीण घ्यायला निघालेला माणूस दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न विचारतो तो ‘हिच्यातून किती लांबचे दिसते?’ हा. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत, आणि त्यातही घरटे सोडून काही आठवडे किंवा काही महिनेच झालेल्या पिल्लांच्या बाबतीत, हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. घारीएवढा पक्षी अर्ध्या किलोमीटरवरून नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. अडते ते तो कोण आहे हे ठरवताना. छातीवरच्या रेघा उभ्या आहेत की आडव्या, बुबुळ पिवळे आहे की तपकिरी, पाय उघडे आहेत की पिसांनी झाकलेले, अशा बारीक गोष्टींवर निर्णय होतो आणि त्या दिसण्यासाठी चित्र नुसते मोठे असून भागत नाही, ते स्वच्छ असावे लागते. निकॉनच्या मोनार्क एम५ मालिकेतली ८×४२ दुर्बीण (म्हणजे आठपट मोठे दाखवणारी, पुढची भिंगे ४२ मिलिमीटर रुंद असलेली) मी मुख्यतः याच कामासाठी वापरतो: पुण्याच्या टेकड्यांवर, सासवड आणि सुप्याच्या माळरानांवर, ताम्हिणीच्या जंगलात आणि कोकणच्या किनाऱ्यावर. हे परीक्षणही त्याच कामापुरते आहे. क्रिकेटचा सामना पाहायला किंवा चंद्रावरचे खड्डे पाहायला ती कशी आहे, याविषयी मी काही लिहिणार नाही.

प्रौढ शिकारी पक्ष्याच्या बाबतीत पुस्तकातले चित्र आणि झाडावरचा पक्षी यांचा बऱ्यापैकी मेळ बसतो. पिल्लांचे तसे नसते. शिक्रा, बेसरा, तिसा, मधुबाज, घार, ब्राह्मणी घार या सगळ्यांची पिल्ले पहिल्या वर्षी तपकिरी रंगाच्या कुठल्या ना कुठल्या छटेत असतात, पोटाकडून फिकट असतात आणि त्या फिकट भागावर गडद खुणा असतात. नर आणि मादीच्या आकारात फरक असल्यामुळे लांबीरुंदीवरूनही खात्रीने काही सांगता येत नाही. म्हणून मी आधी वय ठरवतो आणि मग जात. पिल्लाची सगळी पिसे घरट्यात एकाच वेळी वाढलेली असतात, त्यामुळे पंख पसरला की त्याची मागची कडा अखंड आणि नीटस दिसते. प्रौढ पक्षी पिसे टाकत असेल तर त्याच कडेत खाचा आणि आखूड-लांब पिसे दिसतात. पाठीवरच्या आणि पंखांवरच्या प्रत्येक पिसाला फिकट, तांबूस किंवा पिवळट किनार असते. नुकतेच घरटे सोडले असेल तर शेपूट अजून पुरते वाढलेले नसते आणि डोक्यावर एखादा पांढऱ्या लवेचा झुबका राहून गेलेला असतो. या खुणा जुळल्या की समोरचा पक्षी पिल्लू आहे हे नक्की होते आणि मग प्रौढांची चित्रे बाजूला ठेवून फक्त पिल्लांच्या खुणा तपासायच्या असतात. एवढी शिस्त पाळली तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

यात दुर्बिणीचे काम नेमके काय, तर पिसाची किनार वेगळी दिसली पाहिजे. तपकिरी पिसावरची तांबूस कड ही रंगाच्या अगदी थोड्या फरकाने उठून दिसते आणि स्वस्त दुर्बिणीतून हा फरकच पुसला जातो, सगळी पाठ एकसारखी मातकट दिसते. सरळ नळ्यांच्या, म्हणजे रूफ प्रिझमच्या दुर्बिणींत प्रकाश प्रिझममधून दोन वाटांनी जातो आणि पुन्हा एकत्र येताना त्याच्या लहरींचा मेळ किंचित चुकतो; त्यामुळे चित्राचा उठाव कमी होतो. हा दोष सुधारण्यासाठी प्रिझमवर एक खास लेप द्यावा लागतो, त्याला फेज करेक्शन म्हणतात. याच प्रिझमचा एक पृष्ठभाग आरशासारखा वापरावा लागतो आणि त्यावर साधा धातूचा मुलामा दिला तर थोडा प्रकाश वाया जातो; डायइलेक्ट्रिक थर दिला तर जवळजवळ सगळा प्रकाश परत फिरतो. एम५ मध्ये हे दोन्ही लेप आहेत. माहितीपत्रकातले हे शब्द बहुतेक जण न वाचताच पुढे जातात, पण ढगाळ सकाळी आंब्याच्या गर्द पानांत बसलेल्या पिल्लाच्या पाठीवरच्या किनारी मोजता येतात की नाही हे याच दोन शब्दांवर ठरते.

पिल्लू शोधण्याचे काम मात्र दुर्बिणीचे नाही, कानांचे आहे. पुण्यात मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत शिक्र्याची पिल्ले घरट्याबाहेर आलेली असतात आणि भूक लागली की एकाच झाडावरून सतत, तक्रारीच्या सुरात ओरडत राहतात. आवाज बारीक असतो, पण थांबत नाही, आणि ही चिकाटीच त्यांची ओळख आहे; प्रौढ शिक्रा दोन सुरांची हाक देतो आणि गप्प होतो. दुसरी खूण म्हणजे कावळे आणि कोतवाल. ते एखाद्या फांदीभोवती घिरट्या घालून कालवा करत असतील आणि खाली खारी शेपट्या उडवत चिरचिरत असतील, तर त्या फांदीवर घुबड किंवा शिकारी पक्षी असण्याची शक्यता मोठी. तिसरी खूण जमिनीवर सापडते: झाडाखाली चुन्यासारखे पांढरे शिंतोडे, मध्येच पारव्याची किंवा साळुंकीची उपटलेली पिसे. झाड नक्की झाल्यावरच दुर्बीण डोळ्यांना लावावी, कारण दुर्बिणीतून झाडे चाळत बसले तर हात दुखतात आणि नजरही लवकर थकते.

वेताळ टेकडीवर उन्हाळ्यात गिरिपुष्पाची झाडे पानांनी भरायला लागतात, त्यांतल्या एका झाडावर बसलेले शिक्र्याचे पिल्लू मी या दुर्बिणीतून बराच वेळ पाहिले होते. अंतर साधारण चाळीस मीटर असावे. आठपट मोठे दिसत असल्यामुळे ते पाच मीटरवर बसल्यासारखे होते. त्याच्या पंज्यात सरडा होता आणि तो कसा फाडायचा हे त्याला अजून नीट समजले नव्हते. ते एकदा डोक्याकडून ओढून पाही, एकदा शेपटीकडून, आणि मध्येच खाणे सोडून आईला हाका मारी. या सगळ्या वेळात त्याचा गळा वारंवार माझ्याकडे वळत होता, आणि शिक्रा आणि बेसरा यांच्यात निवाडा करायचा तर गळाच पाहावा लागतो. दोघांच्याही हनुवटीपासून गळ्याच्या मध्यावरून एक गडद रेघ खाली उतरते. शिक्र्याच्या पिल्लात ती बारीक असते; बेसऱ्यात ती जाड, ठसठशीत आणि लांबूनही नजरेत भरणारी असते. छातीवर शिक्र्याच्या पिल्लाला थेंबांच्या आकाराचे तपकिरी ठिपके असतात, ते कुशीकडे जाताना आडव्या पट्ट्यांत मिसळतात. बेसऱ्याच्या पिल्लाच्या खुणा अधिक गडद आणि दाट असतात, शेपटीवरचे काळे पट्टे रुंद, जवळजवळ मधल्या फिकट जागेइतकेच असतात, पाय काटकुळे आणि मधले बोट लक्षात येण्याइतके लांब असते. हे पिल्लू शिक्र्याचे होते. गळ्यावरची रेघ सावलीत होती, तरी ती बारीक आहे हे स्पष्ट दिसत होते, आणि बुबुळ फिकट पिवळे होते. प्रौढ नराच्या लाल डोळ्याची सवय झालेल्या माणसाला हा पिवळा डोळा चकवतो.

थंडीत याच टेकडीवर युरेशियन चिमणबाजही येतो आणि त्याचे पहिल्या वर्षाचे पक्षी शिक्र्याच्या पिल्लांशी गल्लत करायला लावतात. बसलेल्या पक्ष्यात छाती पाहावी: चिमणबाजाला पहिल्या वर्षीही खुणा आडव्याच असतात. उडणाऱ्या पक्ष्यात पंखाच्या टोकाची सुटी पिसे मोजावीत, शिक्र्याला पाच, चिमणबाजाला सहा. ही मोजणी उडत्या पक्ष्यावर करणे अवघड आहे आणि इथे दुर्बिणीची मर्यादा लागते, ती पुढे सांगतो.

आता आकाशाकडे वळू. शिकारी पक्षी बहुतेक वेळा आपल्याला उजळ आकाशासमोर दिसतात, खालून, सावलीत. काळपट पक्षी आणि पांढरे ढग यांच्या सीमेवर साध्या भिंगांतून जांभळी किंवा हिरवट किनार दिसते, कारण प्रकाशातले वेगवेगळे रंग भिंगातून गेल्यावर एकाच जागी एकत्र येत नाहीत. ही रंगीत किनार पंखाखालच्या खुणा झाकून टाकते. एम५ मध्ये ईडी काच वापरलेली आहे, तिच्यामुळे रंगांची ही फाटाफूट कमी होते. मला तिचा खरा उपयोग जाणवला तो घारींच्या बाबतीत. घारीचे पिल्लू प्रौढ घारीपेक्षा जास्त चितकबरे असते, छातीपोटावर फिकट पिवळट रेघा असतात, डोळ्याभोवती गडद पट्टा असतो आणि शेपटीची खाच उथळ असते. कोकणात रत्नागिरी, हर्णै किंवा मालवणच्या बंदरावर मासळी उतरते तिथे साध्या घारी आणि ब्राह्मणी घारी एकत्र घिरट्या घालतात. विटकरी पाठीची, पांढऱ्या डोक्याची प्रौढ ब्राह्मणी घार लहान मूलही ओळखेल, पण तिचे पिल्लू तपकिरी असते आणि पर्यटक त्याला हमखास साधी घार समजतात. फरक शेपटीत आहे: साध्या घारीची शेपटी पिल्लाचीही थोडी तरी खाचेची, ब्राह्मणी घारीची गोल. दुसरा फरक पंखाखाली आहे: ब्राह्मणी घारीच्या पिल्लाला पंखाच्या टोकाकडच्या लांब पिसांच्या मुळाशी फिकट, मोठा डाग असतो. समुद्रावरच्या झगझगीत उजेडात तो डाग आणि आकाशाची चकाकी यांत फरक करणे हे चांगल्या काचेचे काम आहे, आणि ते या दुर्बिणीने चोख केले.

सह्याद्रीत सर्वांत मोठी गल्लत होते ती दोन गरुडांच्या पिल्लांत. सर्पगरुड प्रौढ असला की काही प्रश्न नसतो. तो आकाशात शिट्टी घालत फिरतो आणि पंखाखालचा रुंद पांढरा पट्टा कोणालाही दिसतो. पण त्याचे पिल्लू बऱ्याचदा पांढरट डोक्याचे आणि पांढरट पोटाचे असते आणि तो ठळक पट्टा त्याच्या पंखावर नसतो. त्याच जंगलात चेंजेबल हॉक ईगलचे पिल्लूही राहते, तेही पांढरट डोक्याचे, पांढरट पोटाचे, आणि पश्चिम घाटातल्या पक्ष्यांना डोक्यावर लांब शेंडी असते. समोर बसलेला पांढुरका मोठा पक्षी यांतला कोणता, हा प्रश्न ताम्हिणीत किंवा आंबोलीत दर वर्षी कोणाला ना कोणाला पडतोच. लोक शेंडीकडे पाहतात, पण सर्पगरुडालाही डोक्यामागे पिसांचा झुपका असतो आणि वारा असला की शेंडी दिसतेच असे नाही. पाहायचे ते पाय. सर्पगरुडाची पायाची नळी उघडी, पिवळी आणि खवलेदार असते. हॉक ईगलचे पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात, पांढरे पायमोजे घातल्यासारखे. शिवाय सर्पगरुडाच्या डोळा आणि चोच यांच्यामधली त्वचा पिवळीधमक असते, ती पिल्लातही दिसते.

ताम्हिणीत दरीच्या पलीकडच्या काठावर, वाळक्या फांदीवर असा एक पक्षी बसलेला होता. बसलेल्या पक्ष्याच्या पोटाची पिसे पायांवर उतरलेली असतात, त्यामुळे नळी पटकन दिसत नाही. सकाळची वेळ होती, दरीत अजून ऊन उतरले नव्हते. पक्ष्याने एक पाय उचलून मान खाजवली आणि त्या क्षणभरात पिवळी, उघडी, खवल्याखवल्यांची नळी स्वच्छ दिसली. अशा कमी उजेडात ४२ मिलिमीटरच्या भिंगांचे महत्त्व कळते. ४२ ला ८ ने भागले की ५.२५ येतात, म्हणजे डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटर रुंद असतो. त्याच भिंगांची दहापट दाखवणारी दुर्बीण घेतली तर हा झोत ४.२ मिलिमीटरचा होतो. पहाटे आणि संध्याकाळी आपल्या डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, तेव्हा हा एक मिलिमीटरचा फरक रंग दिसण्या-न दिसण्याचा असतो. दुपारी बाहुली आकसते आणि फरक उरत नाही. पण पिल्ले आणि त्यांचे आईबाप सर्वांत जास्त हालचाल करतात ती नेमकी कमी उजेडाच्या वेळी.

आठपट की दहापट, हा वाद पक्षीनिरीक्षकांत जुना आहे आणि माझे मत ठाम आहे: शिकारी पक्ष्यांसाठी तिपाई नसेल तर आठपटच घ्यावी. दहापट मोठे दिसते तसे हाताचे थरथरणेही दहापट मोठे होते. उंच झाडाकडे मान वर करून पाहताना, चढण चढून दम लागलेला असताना, ते थरथरणे चित्रातली बारीक खूण खाऊन टाकते. माळरानावर तर वेगळीच अडचण असते. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य किंवा सोलापूरजवळचे नान्नज इथे सकाळी दहानंतर जमीन तापते आणि हवा थरथरायला लागते. त्या थरथरत्या हवेतून कितीही पट मोठे केले तरी पक्षी पाण्याखाली असल्यासारखाच दिसतो. तिथे भोवत्यांची, म्हणजे हारिण पक्ष्यांची, पहिल्या वर्षाची पिल्ले हिवाळ्यात येतात. पांढुरका भोवत्या आणि मॉन्टेग्यूचा भोवत्या या दोघांचीही पिल्ले पोटाकडून एकरंगी नारिंगी-तांबूस असतात. पांढुरक्या भोवत्याच्या पिल्लाच्या मानेभोवती फिकट गळपट्टा आणि त्याच्या मागे गडद भाग असतो. मॉन्टेग्यूच्या पिल्लात तो गळपट्टा जवळजवळ नसतोच. ही खूण पाहायची तर ऊन तापण्याआधी, सूर्य पाठीशी ठेवून, गवताच्या कडेला शांत उभे राहावे आणि पक्षी जवळून जाण्याची वाट पाहावी. भोवत्या गवताच्या अगदी लगत, संथ, ठरावीक वाटेने उडतो. आपण हललो नाही तर तो अनेकदा हाकेच्या अंतरावरून जातो.

इथेच या दुर्बिणीची मर्यादा सांगायला हवी, कारण घेणाऱ्याने ती आधी समजून घ्यावी. एम५ ८×४२ चे दृष्टिक्षेत्र ६.४ अंश आहे, म्हणजे एक किलोमीटर अंतरावर ११२ मीटर रुंदीचा पट्टा एका वेळी दिसतो. याच कंपनीच्या एम७ मालिकेतल्या ८×४२ मध्ये ते ८.३ अंश, म्हणजे १४५ मीटर आहे. बसलेल्या पक्ष्याला किंवा आकाशात घिरट्या घालणाऱ्या गरुडाला ११२ मीटर पुरेसे आहेत. पण झाडांमधून सुसाट निघून जाणारा शिक्रा, किंवा सूर मारणारा बहिरी ससाणा दुर्बिणीत धरून ठेवायचा, आणि त्यात पंखाच्या टोकाची सुटी पिसे मोजायची, तर रुंद दृष्टिक्षेत्राचा उपयोग होतो. ज्यांचे निरीक्षण प्रामुख्याने उडत्या पक्ष्यांचे आहे, आणि ज्यांना जास्त किंमत परवडते, त्यांनी एम७ हातात घेऊन पाहावी. माझे काम बहुतांशी बसलेल्या पिल्लांचे आहे, म्हणून मला एम५ पुरते. जवळात जवळ अडीच मीटरवरची वस्तू तिच्यात स्पष्ट दिसते. फुलपाखरे पाहणाऱ्याला हे अंतर जास्त वाटेल, पण शिकारी पक्षी एवढा जवळ येत नाही आणि आला तर दुर्बिणीची गरज नसते.

तिसा हा आपल्या माळरानांचा पक्षी या दुर्बिणीसाठी जणू आदर्श विषय आहे, कारण तो खांबावर, दगडावर, बाभळीच्या शेंड्यावर तासन्‌तास बसून राहतो. प्रौढ तिशाचा डोळा पांढरट असतो आणि पांढऱ्या गळ्यावर मधली एक आणि बाजूंच्या दोन अशा गडद रेघा असतात. पिल्लाचे बुबुळ तपकिरी असते, डोके फिकट पिवळट असते आणि गळ्यावरच्या रेघा अस्पष्ट असतात, त्यामुळे डोळ्यावरून ओळखायला गेलेला माणूस अडखळतो. चोचीच्या मुळाशी असलेली नारिंगी-पिवळी मऊ त्वचा आणि पंखावरचा फिकट डाग यांनी निर्णय होतो. मधुबाजात हीच त्वचा वय सांगते: प्रौढाची ती राखाडी असते, पिल्लाची पिवळी. नारिंगी, पिवळा आणि राखाडी या छटा दुर्बिणीने खऱ्या दाखवल्या पाहिजेत. काही दुर्बिणींचे चित्र पिवळसर झाक मारते आणि मग अशा खुणांवर विश्वास ठेवता येत नाही. एम५ चे रंग मला नैसर्गिक वाटतात.

शेताच्या कडेला तारेवर बसणाऱ्या कापशी घारीविषयी थोडक्यात: तिच्या पिल्लाच्या छातीवर तांबूस झाक असते आणि राखाडी पाठीवरच्या पिसांना पांढऱ्या कडा असतात. डोळा प्रौढासारखा लालभडक नसतो. ही गल्लत फारशी कोणी करत नाही, म्हणून तिच्यावर जास्त लिहीत नाही.

वजन ६३० ग्रॅम आहे. दिवसभर गळ्यात बाळगायला ते जड नाही, तरी मानेचा त्रास असणाऱ्यांनी पट्ट्याऐवजी खांद्यांवरून पाठीवर जाणारा हार्नेस घ्यावा. चष्मा लावणाऱ्यांसाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे डोळा भिंगापासून १९.५ मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसते. चष्मा असेल तर डोळ्यांपाशी असलेल्या रबरी कड्या आत फिरवून ठेवाव्यात, नसेल तर बाहेर काढाव्यात. कित्येक जण हे न करता ‘मला कडेला काळे दिसते’ म्हणून दुर्बिणीला दोष देतात. उजव्या डोळ्याजवळचे कडे फिरवून दोन्ही डोळ्यांतला फरक जुळवता येतो. आधी डावा डोळा उघडा ठेवून मधल्या चाकाने चित्र स्पष्ट करावे, मग डावा मिटून उजवा डोळा उघडावा आणि फक्त ते कडे फिरवावे, आणि त्याची जागा लक्षात ठेवावी, म्हणजे दुसऱ्याने दुर्बीण हाताळली तरी पुन्हा लगेच जुळवता येते.

पावसाळ्यासाठी ती योग्य आहे. आत नायट्रोजन भरलेला असल्यामुळे आतून बाष्प धरत नाही आणि पाण्याची सर आली तर धावाधाव करावी लागत नाही. बाहेरच्या काचेवर श्वासाची वाफ मात्र जमतेच. ती पुसू नये, दुर्बीण डोळ्यांपासून दूर धरावी, थोड्या वेळात जाते. कोकणात राहणाऱ्यांनी घरी आल्यावर ती ओल्या पिशवीत ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी, नाहीतर काचेवर बुरशी धरते आणि ती काढणे कोणत्याही कारागिराला सोपे जात नाही. माळरानावरून आल्यावर आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग मऊ ब्रशने झटकावी आणि सर्वांत शेवटी कापड लावावे. धुळीतले कण कापडाखाली घासले गेले तर काचेवरच्या लेपांना ओरखडे पडतात, आणि ज्या लेपांसाठी पैसे मोजले ते तिथेच संपतात.

चांगली दुर्बीण असण्याचा एक फायदा पक्ष्याच्या बाजूने आहे, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. अलीकडे घरट्याचे छायाचित्र मिळावे म्हणून लोक झाडाच्या बुंध्यापर्यंत जातात, फांद्या बाजूला करतात, ध्वनिमुद्रित आवाज लावतात. शिक्र्याची मादी घरट्याजवळ आलेल्या माणसाच्या डोक्यावर झडप घालते ते उगीच नव्हे. माणूस रेंगाळला तर पिल्लांना तेवढा वेळ खाणे मिळत नाही, आणि कावळ्यांना घरटे कुठे आहे हे आयतेच कळते. चाळीस-पन्नास मीटरवरून पिल्लाच्या गळ्यावरची रेघ दिसत असेल तर त्याहून जवळ जाण्याचे कारणच उरत नाही. जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर बसलेले, पुरती पिसे आलेले पिल्लू दिसले तर ते ‘पडलेले’ आहे असे समजून उचलून घरी नेऊ नये. उडायला शिकणारी पिल्ले खाली येतात आणि आईबाप त्यांना तिथेच भरवतात. दुरून दुर्बिणीने पाहावे: दोन्ही पंख सारखे धरलेले आहेत का, डोळे सतर्क आहेत का, प्रौढ पक्षी जवळपास येतो का. कुत्री-मांजरे असतील तर तेवढी हुसकावावीत. एक पंख लोंबकळत असेल, रक्त दिसत असेल, किंवा मांजा अडकलेला असेल तर महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्षी पाळणे गुन्हा आहे, आणि हेतू चांगला असला तरी पाव-दूध भरवून शिकारी पक्ष्याचे पिल्लू जगत नाही. त्याला मांस लागते आणि तेही जाणकाराच्या हातून.

दुर्बिणीला जे जमत नाही ते म्हणजे पुरावा ठेवणे. बेसरा किंवा चेंजेबल हॉक ईगलचे पिल्लू पाहिल्याची नोंद करायची असेल तर छायाचित्र लागते, आणि त्यासाठी लांब भिंगाचा कॅमेरा हवा. पण छायाचित्रात तपकिरी छटा उजेडाप्रमाणे फिकट किंवा गडद होतात आणि नुसत्या एका छायाचित्रावरून केलेली ओळख वादात सापडते. मी आधी दुर्बिणीतून पाहून खुणा वहीत लिहितो, म्हणजे गळा, छाती, कुशी, शेपटीचे पट्टे, बुबुळ आणि पाय याच क्रमाने, आणि त्यानंतर छायाचित्र घेतो. पक्षी उडून गेला तरी वहीतल्या खुणा राहतात आणि छायाचित्र धूसर आले तरी ओळख टिकते.

किंमत दुकानागणिक आणि हंगामागणिक बदलते, म्हणून आकडा देत नाही. ही स्वस्त दुर्बीण नाही, मध्यम वर्गातली आहे, आणि नुकतीच सुरुवात करणाऱ्याने आधी एखाद्या पक्षीमित्राची दुर्बीण मागून काही काळ वापरावी, मग खर्च करावा. वाकड्या नळ्यांच्या, म्हणजे पॉरो प्रिझमच्या साध्या दुर्बिणी बऱ्याच कमी किमतीत मिळतात आणि त्यांचे चित्र किमतीच्या मानाने चांगले असते, पण त्यांतल्या बहुतेक जाड, जड आणि पाण्याला न टिकणाऱ्या असतात. आपल्याकडे शिकारी पक्ष्यांची बरीचशी पिल्ले पावसाच्या तोंडावर घरट्याबाहेर पडतात, त्यामुळे पाण्याचा मुद्दा मी दुय्यम मानत नाही. खरेदी करताना दुकानाच्या आत भिंतीवरच्या जाहिराती वाचून पाहू नये, बाहेर यावे. आकाशासमोरची एखादी तार किंवा अँटेना पाहावी आणि तिच्या कडेला रंगीत किनार दिसते का ते तपासावे. मग सावलीतल्या झाडाच्या खोडावर नजर लावून सालीवरच्या तपकिरी छटा वेगवेगळ्या दिसतात का ते पाहावे. वर घार फिरत असेल तर उत्तमच: तिची शेपटी, छातीवरच्या रेघा आणि पंखाची मागची कडा तीनही गोष्टी दिसल्या तर ती दुर्बीण घ्यायला हरकत नाही.